जिनिंगच्या भिंतीजवळ

पुसद, ९ डिसेंबर १९५८

कुसुमच्या दप्तरात आज घडीचा चाकू सापडला. पोर सोळा वर्षांची! विचारलं, "हा कायले?"

"शाळेतून येताना कापसाच्या जिनिंगच्या भिंतीजवळ कोणीतरी मागं चालते, बाबा. वळून पाह्यलं तं कोणीच नसते."

मी रागावलो. समजावलं, की एखादा धटिंगण तो हिसकावून तुझ्यावरच चालवेल. चाकू माझ्या खिशात टाकला आणि संध्याकाळी तिला आणायला स्वतः गेलो.

परतताना, कुसुम माझ्या बाजूला चालत असताना, भिंतीजवळ खरंच मागून पावलं ऐकू आली. सरकीच्या ढिगावर पडावीत तशी मऊ. मी थांबलो, पावलंही थांबली. वळलो. सरळ रस्ता, अजून चांगला उजेड, आणि माणूस एकही नाही. ती मऊ पावलं... हात खिशात कधी गेला कळलंच नाही. पन्नाशीचा वकील मी, आणि भर रस्त्यात चाकू उघडून उभा!

घरी आल्यावर विचार पडला. परत द्यावा का तिला? पण ती चालवणार कोणावर? तरी पुढे केलाच.

तिनं घेतला नाही. हळूच म्हणाली, "असू द्या तुमच्यापाशी. आज ते तुमच्या मागं चालून राह्यलं होतं."