येऊ नकोस म्हणणारं पत्र

बाई,

मागच्या आठवड्यात मी तुमचं एक पत्र वर्गात फळ्यावर लिहिलं. तुम्हाला विचारायची सोय राहिलेली नाही, म्हणून न विचारताच लिहिलं. वर गावाचं नाव घातलं नाही, खाली तुमची सही घातली नाही. सातवीची एकतीस पोरं समोर होती, आणि ही बाई कोण, कुणाला लिहितेय, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर त्या पत्रात कळण्यासारखं फारसं काही आहे, असं मलाही वाटत नव्हतं. लहानसं होतं, सोपं होतं, आणि मला शनिवारच्या आत एक उतारा कमी पडत होता, एवढंच.

मी अजून जाफराबाद तालुक्यातच आहे. शाळा बदलल्या, ही चौथी. सकाळी पोचले की आधी मोबाईलवर हजेरी भरायची, मग खिचडीचा फोटो टाकायचा, मग वरून कसली तरी माहिती 'आजच्या आज' मागितलेली असते, ती शोधायची. शिकवायला उभी राहीपर्यंत अर्धा जीव संपलेला असतो. कापूस वेचायच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात जातो. जो येतो त्याला वाचता येत नाही असं नाही, खडखड वाचतात पोरं. पण पान संपल्यावर काय वाचलं म्हणून विचारलं तर माझ्या तोंडाकडं बघत राहतात. मी पूर्वी चिडायचे. आता चिडायचाही कंटाळा येतो. उत्तर मीच सांगते, ते लिहून घेतात, आणि तास संपतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता सखोल वाचन. पडद्यावर एकामागून एक पानं सरकत होती आणि एक तरुण मॅडम मन लावून सांगत होत्या की एकच उतारा तीनदा वाचायचा, पहिल्यांदा काय म्हटलंय ते बघायचं, दुसऱ्यांदा कसं म्हटलंय, तिसऱ्यांदा का म्हटलंय. माझ्या शेजारचे गुरुजी डुलकी काढत होते. मी मात्र जागी होते, कारण हे सगळं माझं ऐकलेलं होतं. शेवटी काम दिलं गेलं. प्रत्येकानं आपल्या वर्गासाठी साहित्यसंच करायचा, दहा उतारे, त्यांचे प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाचं आदर्श उत्तर. नमुना म्हणून वरून आलेले उतारे मी वर्गात वापरून बघितले. एक पर्यावरणावर होता, एक मोबाईलच्या दुष्परिणामांवर. पोरांनी जांभया दिल्या. मलाही आली.

तुमच्याकडं कुठला आलाय संच. मी तुमच्या वर्गात होते तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या गावाची गाडी दुपारी असायची, तोवर मी तीर्थपुरीत तुमच्या खोलीवर थांबायचे. बाजाराच्या मागची ती खोली, एका कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली परात. तुम्ही भाकरी थापताय आणि मी खाली बसून शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचतेय. कधी तो जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा असतो, कधी कुणाच्या तरी वहीचं पान, एकदा तर औषधाच्या बाटलीबरोबरची घडी होती. आमच्या घरी वाचायला काहीच नव्हतं, आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, त्यामुळं मला कागद दिसला की मी अधाशासारखी वाचून टाकायचे आणि झालं म्हणायचे. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटता, माझ्याकडं न बघता म्हणता, "काय लिहिलंय ते सांगितलंस. आता काय लिहायचं टाळलंय ते सांग." मी कागद उलटा करून मागची बाजू बघते. मग तुम्ही म्हणता, मंग पुन्हा वाच, भाकरी व्हायला वेळ आहे.

आणि तुमचं रागावणं. सहामाहीच्या पेपरात मी गाईडातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, या पाठातून लेखकाची समाजाविषयीची तळमळ दिसून येते. पाठ केलं होतं, शुद्धलेखन बिनचूक होतं, मला वाटलं तुम्ही वर्गात वाचून दाखवाल. वाचून दाखवलंतच. मग मला पुस्तक घेऊन पुढं बोलावलंत आणि म्हणालात, "तळमळ कुठल्या ओळीत आहे? बोट ठेव तिच्यावर." मी पान उलटत राहिले. वर्ग हसत होता, तुम्ही हसला नाहीत. तास संपला तरी बोट ठेवायला जागा सापडली नाही. तुम्ही एवढंच म्हणालात की ज्या वाक्याला बोट ठेवायला ओळ सापडत नाही, ते वाक्य आपलं नसतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी दिलीत. मधोमध ब्लेडनं खाच कापलेली, एका वेळी एकच ओळ दिसेल एवढी. ती पानावर ठेवायची आणि खाली सरकवत जायचं. आधी मला ती शिक्षा वाटली. महिनाभरानं लक्षात आलं, ओळी मला थांबवायला लागल्या होत्या.

तशा पट्ट्या मीही या वर्षी पोरांकडून करून घेतल्या. लग्नपत्रिकांना इकडं तोटा नाही. चार दिवस तरी वर्ग शांत बसून वाचत होता. नऊ उतारे कसेबसे जमले. दहावा राहिला होता, आणि त्याच दिवसांत सेवापुस्तकाच्या कामासाठी जुने कागद काढताना तुमचं आंतरदेशीय पत्र हाती लागलं.

ते पत्र आलं तेव्हाचं सांगते. मला नोकरी लागून थोडीच वर्षं झाली होती, मुलगी लहान होती. तुम्ही निवृत्त होऊन तीर्थपुरीची खोली सोडून आपल्या गावी राहायला गेला होतात, एकट्याच. पोस्टमननं पत्र शाळेच्या ओट्यावर माझ्या हातात दिलं तेव्हा मी मतदार याद्यांच्या कामाला निघाले होते. उभ्याउभ्या वाचलं. सगळं ठीक आहे असं होतं, येऊ नकोस असं होतं. पर्समध्ये टाकलं आणि गेले. सुट्टीत सविस्तर उत्तर लिहू म्हटलं. पुढं एकदा जालन्याच्या स्टँडवर आपल्या शाळेतली वर्गमैत्रीण भेटली. ती म्हणाली, "बाई गेल्या की. तुला न्हाई कळलं? तीन महिने झाले." मी स्टँडवरच्या बाकावर बसून रडले. नंतर मनाशी म्हटलं की त्यांनीच तर लिहिलं होतं, मुद्दाम येऊ नकोस. याला वीस वर्षं होऊन गेली. या वीस वर्षांत जेव्हा जेव्हा तुमची आठवण टोचली, तेव्हा मी तेच वाक्य पुढं केलं.

तर फळ्यावर लिहिलं ते असं होतं. तुम्हाला आठवत असेलच, शब्द तुमचेच आहेत.

"तुझं पत्र मिळालं, बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे. मी आता मागच्या खोलीतच असते, पुढची झाडून होत नाही. दार दिवसभर उघडंच असतं. तुझ्या मागे शाळा आहे, लेकरू आहे, तेव्हा मुद्दाम येऊ नकोस. तीर्थपुरीहून आता आमच्या फाट्यापर्यंत गाडी सुरू झाली आहे, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला. फाट्यापासून घर जवळच आहे. पुस्तकं वाळवीच्या आधी कुणाच्या तरी हाती जावीत असं वाटतं. मुलीला आशीर्वाद."

मी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न टाकला, पत्र लिहिणारीचं कसं चाललंय. पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, सगळं ठीक चाललंय, तसं लिहिलंच आहे. मी म्हटलं, आणखी कुणाला काही वेगळं दिसतंय का, दिसत असेल तर ओळीवर बोट ठेवायचं. मग एका मुलानं उठून फळ्याजवळ येऊन 'झाडून होत नाही' यावर बोट ठेवलं. त्याच्या आजीची कंबर गेली तेव्हा तीही एकाच खोलीत राहायची, असं तो म्हणाला. दुसरी म्हणाली, दार उघडं असतं कारण कडी काढायला उठवत नसेल. तिच्या शेजारची म्हणाली, न्हाई, कुणी आलं तर परत जाऊ नये म्हणून. दोघींचं त्यावर वाजलं. मी खडू हातात धरून ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं, बाई, किती तरी दिवसांनी वर्ग आपणहून बोलत होता. मी हे सगळं तुम्हाला सांगायला हवं असा विचारही मनात येऊन गेला.

मागच्या भिंतीकडं एक मुलगी बसते. वस्तीवरून येते. फाट्यापर्यंत चालत, पुढं मिळेल त्या जीपनं किंवा गाडीनं. कापसासाठी दोन आठवडे गैरहजर होती, बोटांची टोकं अजून चिरलेली आहेत. वर्गात ती सहसा बोलत नाही. ती जागेवर उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "मॅडम, येऊ नको म्हणायचंय, मंग गाडीचा टाइम कामून सांगितला?"

मी म्हटलं, म्हणजे काय, नीट सांग.

ती म्हणाली, "जे येणार न्हाई त्याला कुणी टाइम सांगतं का? दोन्ही गाड्या सांगितल्या. घर जवळ हाय ते बी सांगितलं. त्या बोलवून राह्यल्या, मॅडम. फक्त बोलवतेय असं लिहिलं न्हाई."

वर्ग फळ्याकडं वळला. मीही वळले. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं सगळं. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला. जाफराबादहून पहाटेची गाडी धरली असती तर जालन्यावरून तीर्थपुरीला पोचून तीनची सहज मिळाली असती. त्या दोन वेळा तुम्ही कुणाला तरी विचारून घेतल्या असणार, कारण तुम्ही तेव्हा घराबाहेर पडतच नव्हतात. काय लिहायचं टाळलंय ते सांग, हे तुम्ही मला कितीदा विचारलं असेल. आणि तुम्ही स्वतः टाळून लिहिलंत तेव्हा मी ओट्यावर उभी राहून दोनच तुकडे उचलले, 'ठीक आहे' आणि 'येऊ नकोस'. मला तेच हवे होते. मला यायचं नव्हतं असं नाही, बाई. मी दमलेली होते, आणि दमलेल्या माणसाला नको म्हणणारं वाक्य लवकर सापडतं.

पोरांचं पुढं चालूच होतं. कुणी म्हणालं, पुस्तकंही जिला पत्र लिहिलंय तिलाच द्यायची होती, पण सरळ कसं म्हणणार. मला त्या पुस्तकांचं काय झालं हेसुद्धा माहीत नाही. मी प्रश्न लिहून घ्या म्हटलं आणि फळ्याकडं तोंड करून उगाच एक ओळ पुन्हा गिरवली. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या त्याच मुलानं विचारलं, "मंग त्या गेल्या का, मॅडम? भेटायला?"

एकतीस चेहरे माझ्याकडं होते. मी म्हटलं, "हो. गेल्या. सकाळच्या गाडीनं गेल्या."

पोरांना बरं वाटलं. घंटा झाली, ती खिचडीला पळाली. दहावा उतारा मी दुसराच घातला, विहिरीवरचा एक, आणि संच शनिवारी पाठवून दिला. चांगला आहे असा निरोप आला.

आज रविवार आहे, दुपारची वेळ, आणि मी हे एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत बसलेय. पाठवायला कुठला पत्ता उरलेला नाही, ते मला माहीत आहे. पाठवण्यासाठी लिहीतही नाहीये. पण एवढं सगळं लिहिलं तर हेही लिहायला हवं. मी 'गेल्या' म्हटलं तेव्हा ती मागची मुलगी अजून उभीच होती. फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, पट्टीच्या खाचेतून बघावं तसं, आणि मग बसून वहीत काही तरी लिहिलं. त्या दिवशीच्या वह्या तपासायला मी घरी आणल्या आहेत. तीस तपासून झाल्या. तिची अजून उघडलेली नाही.