पेट्रोनेलाबाईंच्या कॉलरवर बार्बेकाकू

गेंट, मंगळवार, १४ फेब्रुवारी १६४०. सकाळचे आठाचे टोल नुकतेच पडले. आत्ताच ब्रश धुतले. (कागदावरचा डाग जवसाच्या तेलाचा आहे.)

प्रिय मायकेताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? पोरांचा खोकला गेला का? माझं बरं चाललंय. म्हणजे तसं नाही, तेच सांगतो.

योरिस मास्तरांनी (वय एकाहत्तर) पन्नास वर्षं इथल्या व्यापाऱ्यांचे, धर्मगुरूंचे आणि जाड जाड बायकांचे चेहरे काढले. पद्धत अशी, की कपडे आणि गळ्याभोवतीची चुण्यांची कॉलर मी रंगवायची, चेहरा मात्र मास्तरांनीच. (कॉलरला कुणी नावाजत नाही. या वेळच्या कॉलरला चौसष्ट चुण्या आहेत, मी दोनदा मोजल्या.) आता मास्तरांना नीट दिसत नाही. हे मला ठाऊक आहे. मला ठाऊक नाही असं मास्तर समजतात. हातात काम एकच, बिअरभट्टीच्या मालकीण पेट्रोनेलाबाईंचं. ते गेलं असतं तर दारावरची पाटी उतरवावी लागली असती.

बाई तीनदा बसल्या. मास्तर त्यांच्याकडे फारसे बघतच नव्हते, गुणगुणत भराभर रंगवत होते. काल मी चित्र पाहिलं. चौसष्ट चुण्यांवर चेहरा बार्बेकाकूंचा! (मास्तरांची बायको. तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी इथे नवा होतो तेव्हा लापशीत माझ्यासाठी जास्तीचा मध घालायच्या.) जन्मभर म्हणायच्या, एकदा मलाही काढा की. मास्तर म्हणायचे, गिऱ्हाईकं संपू देत, मग तू. गिऱ्हाईकं संपली नाहीत, काकू संपल्या.

तेवढ्यात बाई आल्या. मी चित्रापुढे आडवा उभा राहिलो, म्हटलं, रंग ओला आहे.

"सरक रे. ओल्या पिंपांत जन्म गेलाय माझा."

बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही तर बार्बे. रोज लोटाभर बिअर न्यायची आणि फेसच जास्त आहे म्हणून भांडायची." मग हळूच, "मास्तर, यात मी कुठेय?"

मास्तर म्हणाले, "चुकलं, बाई. मला आता आतलंच दिसतं."

बाईंनी नाक पुसलं. "ही तुमच्याकडेच ठेवा. माझं दुसरं काढा, आणि तोंड या पोराला काढू दे. एवढं मोठं तोंड आहे, चुकून चुकून कुठे चुकेल?"

तुझा धाकटा,
लीवेन

ता. क. मी आजवर एकही चेहरा काढलेला नाही. बाई सोमवारी बसणार. तू रविवारी ये आणि माझ्यासमोर बस, सरावासाठी.

ता. क. दुसरा. सरावासाठी नाही. आईनंतर तूच मला वाढवलंस, आणि तुझा चेहरा माझ्याकडे नाही. पोरं आहेत, कामं आहेत, पुढच्या महिन्यात बघू, असं लिहू नकोस.

ता. क. तिसरा. कॉलर घालून येऊ नकोस. घातलीस तर मी दिवसभर चुण्याच मोजत बसेन.