आणि कोळपं?

माय, शेडच्या भिंतीवरचे तुझे दोन शब्द परवा पुन्हा रंगवून घेतले. रंगारी नवा होता. शिडीवर चढण्याआधी त्याने विचारलं, "साहेब, ह्याचा अर्थ काय?" मी म्हणालो, "आमच्या घरातला जुना प्रश्न आहे." तो हसला आणि कामाला लागला. आता ती अक्षरं रस्त्यावरून दिसतात. बदनापूरला एसटीतून उतरणारा माणूस आधी ती वाचतो, मग आमच्या कारखान्याचं नाव. तुला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं पुरुषभर उंच आहेत, तुला बरं वाटलं असतं. तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुला काही लिहिलं नाही. मला बोलायची सवय कमी, हे तुला माहीतच आहे. लिहायची तर नाहीच.

पण शब्द रंगवून झाल्यावर घरी आलो आणि मला तो गठ्ठा आठवला. मोठ्या दुष्काळानंतरचं तिसरं साल असेल. मी औरंगाबादहून आयटीआय करून आलो होतो, दादा त्याच उन्हाळ्यात गेले होते, आणि मी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड घेतली होती. दादांची सुतारकी मला करायची नव्हती. लाकूड मिळेनासं झालं होतं, पेरणीची बाभळीची तिफण दर मृगाआधी दुरुस्तीला येत होती. मी लोखंडी तिफण करणार होतो. हलकी, न मोडणारी, सगळ्यांना एकच. शेड उघडायच्या दिवशी तू गावाहून चालत आलीस. डोक्यावर भाकरीची पाटी आणि काखेत तो गठ्ठा. बांबूच्या काड्या, तीसेक असतील, प्रत्येकीवर दादांनी चाकूने दोन खाचा पाडलेल्या. एक त्या घरच्या तिफणीच्या दोन ओळींमधलं अंतर, दुसरी त्या घरच्या, तण काढायच्या कोळप्याच्या पात्याची रुंदी. तुम्हा दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक काडीला तू आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हिरवी चिंधी मळ्यातल्या घराची, किरमिजी चावडीमागच्या घराची. तू म्हणालीस, "हे घे. तुझ्या बापाची कमाई हाय." माझे दोन मित्र उभे होते. मला लाज वाटली. मी गठ्ठा कोपऱ्यात टाकला आणि खिशातला नवा टेप काढून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटेना. कोळसा ओला होता. कोपऱ्यात वाळलेला बांबू होता. तू दुपारची भाकरी घेऊन दारात आलीस तेव्हा शेवटच्या काड्या जळत होत्या, चिंध्यांचा वास सुटला होता. तू भट्टीकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "लागला का जाळ?" मी म्हणालो, "लागला." "बरं झालं," म्हणालीस, आणि भाकरी ठेवून गेलीस. एवढंच. नंतर आयुष्यात तू तो विषय काढला नाहीस.

मी गावोगावच्या काही तिफणी टेपने मोजल्या होत्या. कुणाचं अंतर एक फूट, कुणाचं दीड. मी शिकलेला माणूस, मी मधलं काढलं. सव्वा फूट. सगळ्यांना चालेल. तशा चोवीस तिफणी केल्या, लाल रंग दिला आणि रस्त्याला ओळीने उभ्या केल्या. तू एकदा त्या ओळीपुढून सावकाश चालत गेलीस, प्रत्येकीच्या दातांत वीत घालून बघितलंस आणि विचारलंस, "आणि कोळपं?"

"कोळप्याचं काय त्यात? कोळपं ज्याच्या त्याच्या घरी हाय."

"मंग तेच तर म्हणून राह्यले."

"माय, मी तिफणी विकतोय. कोळपी नाही."

तू पदर खोचलास आणि गावाच्या वाटेला लागलीस. मृग निघायच्या आत चोविसच्या चोवीस तिफणी गेल्या. मी दिवसभर शेडमध्ये उगाच फिरत होतो, रिकाम्या जागेकडे बघत. माणसाला जिंकल्यासारखं वाटायला किती कमी लागतं.

पुढचं मी तुला सांगायची गरज नाही, तुला ते आधीच दिसत होतं. पण मला स्वतःलाच एकदा नीट लिहून बघायचं आहे. तिफण ओळी पाडते आणि तीन आठवड्यांनी त्याच ओळींमधून कोळपं चालतं, तण कापत. कोळप्याचं पातं ओळीपेक्षा थोडं अरुंद लागतं. फार अरुंद झालं तर पिकाच्या बुडाशी तणाचे पट्टे राहतात. रुंद झालं तर पीकच कापलं जातं. म्हणजे घरात कोळपं जसं, तशीच तिफण पाहिजे. दादा म्हणून दोन खाचा पाडत होते. मी एकच मोजली होती.

पहिली बैलगाडी आली ती मळ्यातल्या आबांची. गाडीत माझी लाल तिफण आडवी. आबांनी ती स्वतः उतरवली, भिंतीला टेकवली आणि रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठेव पोरा तुझी नवरी. दिसायला बराबर हाय, पण आमच्या घरच्या सासूसंगं तिचं एक दिस बी जमंना." चहाच्या टपरीवरचे सगळे हसले. मग म्हणाले, आणि हे हळू म्हणाले, "चार तासं, ओळीच्या ओळी, कापून गेली रे जवारीची. बैल फिरवून परत येईपर्यंत कळलंच न्हाई." त्या आठवड्यात अकरा तिफणी परत आल्या. बाकीच्या लोकांनी परत आणायचीही तसदी घेतली नाही. टपरीवर माझं नाव पडलं, 'मधलं माप'. "काय मधलं माप, आज भट्टी न्हाई का पेटवली?"

मी ठरवलं की शेड सोडायची आणि जालन्याला कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला लागायचं. पुढच्या पेरणीला माझ्या दारात कोणी येणार नव्हतं, आणि दादांचं नाव ज्या घरांत निघत होतं त्या घरांत आता माझं निघत होतं. हे सांगायला मी सकाळी गावी आलो. तू चुलीपुढे होतीस. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तू भाकरी उलटलीस, पदराने तवा सरकवलास आणि म्हणालीस, "जा की. पण आधी चोवीस घरी जायचं."

"काय सांगू जाऊन?"

"सांगतो काय? कोळपं दाखवा म्हणायचं. अन् हात आहेत ना दोन? खुरपं घे."

ते मला तेव्हा कळलं नाही. आबांच्या मळ्यात पोचल्यावर कळलं. आबा बांधावर बसलेले, त्यांच्या घरच्या बाया ओळीत वाकून खुरपत होत्या, कोळप्याने जे करायचं ते हाताने. तू आबांशी बोललीच नाहीस. सरळ शेतात शिरलीस, थोरल्या सुनेशेजारची ओळ धरलीस आणि खाली बसलीस. ती म्हणाली, "अवो मावशी, तुम्ही कशापायी?" तू म्हणालीस, "तिफण माझ्या लेकाची, मंग तण बी त्याचंच. तू सरक तिकडं." बाया हसायला लागल्या. एकीने मला हाक मारली, "ये मिस्तरी, टेप ठेव अन् ये!" मी आलो. आयटीआयच्या खाकी पँटीत मी गुडघ्यावर बसलो, आणि दुपारपर्यंत उठलो नाही. मला आजही कोणी विचारलं की धंदा कुठे शिकलात, तर डोळ्यापुढे ती ओळ येते. माझ्या चुकीची लांबी मी खुरप्याने मोजत होतो.

चोवीस घरं, महिनाभर. काही ठिकाणी पाणीही मिळालं नाही. एका ठिकाणी म्हातारीने तुला मिठी मारली आणि दादांची आठवण काढून रडली. प्रत्येक घरी मी गोठ्यातलं कोळपं काढून मोजत होतो आणि नवीन काडी कापत होतो. दोन खाचा. तू चिंधी बांधत होतीस. एवढ्या दिवसांत मी जेवढं ऐकलं तेवढं पुढे कुठल्याच सल्लागाराकडून ऐकलं नाही. दात मातीत का रुततो, बी सोडायचं चाडं डाव्या हाताला का झुकावं, काळ्या रानात काय होतं आणि मुरमाड रानात काय. मी विचारायचो कमी. बाया आपापसात बोलायच्या, मी ओळीत पुढे सरकायचो.

शेवटच्या घरावरून आलो तेव्हा तू काड्या स्वयंपाकघरात सारवलेल्या जमिनीवर ओतल्यास आणि भेंडी निवडावी तशा निवडायला लागलीस. लांब इकडे, आखूड तिकडे. मी भाकरी खात बघत होतो. तू हात झटकलास. "घे. चारच ढीग झाले." मी घास हातात धरून बसलो. चोवीस काड्या म्हणजे चोवीस मापं, असंच मी धरून चाललो होतो. दादाही तसंच धरून चालले असतील, प्रत्येक घराला वेगळी काडी. घरं चोवीस होती. मापं चार होती. बाकी फरक दोन सुतांचा, दाताच्या टोकाचा. मी उठलो आणि हात न धुता म्हणालो, "माय, चार तिफणी नको. एकच तिफण. दांड्याला भोकं पाडतो, चार जागी. दात बोल्टवर सरकतील." तू म्हणालीस, "आधी हात धू."

लाकडात ते झालं नसतं. लोखंडात झालं. ते माझं होतं, तेवढं मी म्हणू शकतो.

पुढच्या साली चैत्र संपायच्या आधी आबाच पहिले आले. गाडीत त्यांचं कोळपं उभं बांधून. टपरी भरलेली होती. मी पाना घेतला, दात तिसऱ्या भोकात सरकवले, बोल्ट आवळले. आबांनी कोळपं उतरवून दोन दातांमधून मातीत ओढलं. एकदा, दोनदा. मग खाली बसून दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं घालून बघितली. उठले, टपरीकडे तोंड केलं आणि ओरडले, "अरे बघता काय! मधलं माप मेलं. जमलं सासू-सुनेचं!" त्यांनी तिफण नेली. दुसऱ्या दिवशी तीन गाड्या, चौथ्या दिवशी रस्त्यावर रांग, प्रत्येक गाडीत एकेक कोळपं झेंड्यासारखं उभं. मी आजही डोळे मिटले की ती रांग बघतो, तिचं टोक स्टेशनाकडे वळलेलं आहे. लोक भोकरदनकडून येताहेत, पिंपळगाव रेणुकाईहून येताहेत, आणि तू शेडच्या दारात उपडं घमेलं टाकून त्यावर बसली आहेस. प्रत्येकाला एकच विचारतेस, "आणि कोळपं?"

घनसावंगीचा एक शेतकरी कोळपं न घेता आला होता. सकाळपासून प्रवास करून. तू त्याला चहा दिलास आणि परत पाठवलंस. मी चिडलो. "माय, गिऱ्हाईक चाललं!" तू जागची हलली नाहीस. "येईल की. कोळपं घेऊन येईल." आठ दिवसांनी तो आला. बरोबर शेजारचे चार जण, पाच कोळपी. त्या मृगाआधी आम्ही इतक्या तिफणी केल्या की लाल रंग संपला आणि शेवटच्या हिरव्या निघाल्या. एकही परत आली नाही. माय, एकही नाही. मी तेव्हा ओरडायला पाहिजे होतं. मी फक्त भट्टी झाकली आणि तुझ्या शेजारी येऊन बसलो. तू म्हणालीस, "दमलास?" मी म्हणालो, "न्हाई."

त्याच साली सरकारी साहेब तिफण बघायला आले होते, तुला आठवत असेल. त्यांनी बोल्ट काढून बघितले, भोकं मोजली आणि विचारलं, "हे चारच का? ही चार मापं तुम्हाला सापडली कुठून?" मी म्हणालो, "ट्रेनिंगमध्ये शिकलो." तू चहाचे कप घेऊन आली होतीस. साहेब गेल्यावर कप विसळताना तू म्हणालीस, "चांगलं शिकवलं बाई तुझ्या ट्रेनिंगनं." तुझ्या बोलण्यात राग नव्हता. तू हसलीही होतीस.

आता बैल कमी झाले. आम्ही ट्रॅक्टरची पेरणी यंत्रं करतो, पाच जिल्ह्यांत जातात. तुझी नात कारखाना बघते. गिऱ्हाईक आलं की ती किमतीचं बोलत नाही, आधी त्याच्या शेतावर जाऊन त्याच्याकडची बाकीची अवजारं बघून येते. नव्या इंजिनिअरांना ती पहिल्या दिवशी भिंतीसमोर उभं करते. मागच्या महिन्यात एका मुलाने सगळ्यांना बसेल असं सरासरी माप काढून आणलं होतं. तिने त्याला खुरपं दिलं. तो गेला, चार दिवस, आणि हसत परत आला. ती तुझ्यासारखी बोलते, कमी आणि नेमकं. माझ्याकडून ते तिच्याकडे गेलं असेल असं लोक म्हणतात. मी ते खोडत नाही.

त्या महिन्याच्या काड्या माझ्या कपाटात आहेत, तुझ्या चिंध्यांसकट. हा कागद घडी करून त्यांच्यात खोचणार आहे. आणखी कुठे पाठवू?

एकच राहिलं. त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा माझी दाराकडे पाठ होती असं तुला वाटलं असेल. नव्हती. तू कप घेऊन उंबऱ्यात थांबलेली मला दिसली होतीस. उत्तर मी त्यानंतर दिलं.