बादलीच्या वर पंखा

३ जानेवारी
आज ठेकेदार दुकानात आले. स्वतः. मी मिक्सर उघडून बसलो होतो, हात काळेकुट्ट, तरी त्यांनी हात मिळवला. म्हणाले की वॉर्डाच्या निवडणुकीत मी उभं राहावं. मी म्हटलं, पण उभे तर तुम्हीच आहात. त्यावर म्हणाले की समोर तगडा माणूस नसेल तर जिंकण्यात मजा नाही, आणि डिपॉझिटही तेच भरणार. याला म्हणतात खिलाडूपणा. या माणसाबद्दल लोक काय काय बोलतात. मीही बोललोय. वाईट वाटलं.
उद्यापासून पहाटे उठून चालायचं. पुढाऱ्याला पोट शोभत नाही.

४ जानेवारी, सकाळी नऊ
आत्ता उठलो. चालणं उद्यापासून.
हिला सांगितलं. ही दवाखान्यात निघाली होती. शुगरमुळे हिच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नाही, एक दिवसाआड ड्रेसिंग लागतं. म्हणाली, डॉक्टर उभे राहतायत ते ठाऊक आहे ना? कोपऱ्यावरचा दवाखाना पाडून ठेकेदाराला तिथे दुकानं काढायची आहेत, ते अडवायला उभे राहतायत. मग चप्पल चाचपत म्हणाली की डॉक्टरांचं नाव काय आणि तुमचं नाव काय, जरा आठवून बघा.
आठवायचं काय त्यात? नाव एकच, आडनाव एकच. वडिलांचं तेवढं वेगळं. डॉक्टरची पत्रं अधूनमधून माझ्याकडे येतात, बस्स. ठेकेदारांनी माझ्यातले गुण हेरले, नाव नाही. हिला राजकारण कळत नाही.

९ जानेवारी
फॉर्म भरला. तिथे डॉक्टर भेटला. रिटायर झाला तरी रोज दवाखान्यात फुकट बसतो. मला बाजूला घेऊन म्हणाला की अजून वेळ आहे, विचार करा. शिवाय वहिनींची जखम खोल आहे, एकही ड्रेसिंग चुकवू नका. मी ओळखलं. माणूस घाबरलाय. घाबरला की माणूस असा गोड बोलतो.

१५ जानेवारी
चिन्हं मिळाली. मला पंखा! आयुष्यभर पंखे दुरुस्त केले, आता पंखाच मला वर नेणार. डॉक्टरला बादली. ठेकेदारांना छत्री. यादीत माझं नाव डॉक्टरच्या बरोब्बर वर. मशिनवरही तसंच येणार. शुभशकुन.

१८ जानेवारी
पोस्टरसाठी फोटो. ठेकेदारांचा मेहुणा माझा प्रचार बघतो, म्हणजे घरचा माणूसच दिलाय त्यांनी. त्याने पांढरा कोट आणला होता. लांब, वर खिसा, खिशात पेन. म्हटलं हे कशाला? म्हणाला, स्वच्छ प्रतिमा. पटलं. चष्माही त्यानेच दिला. खरं सांगायचं तर मी इतका रुबाबदार कधीच दिसलो नव्हतो. पोस्टरवर नाव केवढं मोठं! वडिलांचं नाव मात्र छापायचं राहिलं. प्रेसची चूक. पंखाही कोपऱ्यात बारीक आलाय. मेहुणा म्हणाला, चालतं.
हिला पोस्टर दाखवलं. हिला हल्ली सगळं धूसर दिसतं, गोळ्यांची पाकिटंही मीच वाचून देतो. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, हे डॉक्टर का? मी म्हटलं, अगं मी! तिने घडी घालून परत दिलं.

२३ जानेवारी
दारोदार प्रचार. मेहुणा म्हणतो, कोट घालूनच फिरा आणि जास्त बोलू नका. मान दिला लोकांनी! माहेरी आलेल्या एका मुलीने वाकून नमस्कार केला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं, मला बघितलं आणि जीभ बाहेर काढली. आता काय करणार? बघितली. चांगली आहे म्हणालो. ते खूश. मत पक्कं.
जनसंपर्काला शिक्षण लागत नाही, आपुलकी लागते.
दुकान आजही बंद. गिऱ्हाइकांचे टेबलफॅन तसेच पडलेत. निवडून आल्यावर एका दमात उरकेन.

२७ जानेवारी
आज भाषण लिहायचं होतं. पहिलं वाक्य छान झालं. दुसऱ्यासाठी चहा केला. मग मेहुणा येऊन म्हणाला की तुम्हाला भाषणाची गरजच नाही, तुमचं नावच बोलतं. खरंय.

३१ जानेवारी
हिला सरळ विचारलं, मत कुणाला? हिने सरळ सांगितलं, डॉक्टरांना. दवाखाना गेला तर माझा पाय कोण बघणार, तुम्ही?
मी म्हटलं, मी निवडून आलो की पहिलं काम दवाखान्याचं. वर पक्कं छप्पर, नवा बाक, तुझ्यासाठी खुर्ची. ती म्हणाली, तुम्ही निवडून येणार नाही. तुम्हाला त्यासाठी उभंच केलेलं नाही.
लागलं मनाला. फार लागलं. इतकी वर्षं संसार केला, कधी काही मागितलं नाही. सगळ्या वॉर्डाने दिलं नाही तरी चालेल, पण हिचं एक मत मला पाहिजे. हे इथे लिहितो. बाहेर बोलणार नाही.

४ फेब्रुवारी
हिला दवाखान्यात न्यायचं राहिलं. रॅली होती. परवाही राहिलं होतं. एकटी जाते म्हणाली, पण जिन्यात पाय टेकवेना. संध्याकाळी इस्त्रीवाल्या मावशींनी रिक्षा करून नेलं. डॉक्टर रागावला म्हणे. रागावणारच, प्रचारात मागे पडतोय ना!

८ फेब्रुवारी
मतदान. सकाळीच पांढरा शर्ट. स्वतःचं नाव मशिनवर दोनदा वाचलं. पंखा दाबला.
हिला हात धरून केंद्रावर नेलं, पण आत एकटीच गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा शांत होता. तीच म्हणाली, द्यायचं त्याला दिलं. का कोण जाणे, वाटलं, ऐन वेळी हिचं मन फिरलं असेल. बायको आहे शेवटी.

१० फेब्रुवारी
निकाल. ठेकेदार निवडून आले. डॉक्टर दुसरा. मी तिसरा.
पण मतं! इतकी मला स्वप्नातही वाटली नव्हती. डॉक्टर जेवढ्याने पडला त्याच्या तिप्पट मला. न सभा, न भाषण, नुसत्या चारित्र्यावर. पुढच्या वेळी नक्की. ठेकेदारांचं अभिनंदन करायला गेलो तर गर्दीत त्यांना दिसलो नसेन. मेहुण्याने मात्र ओळख दिली आणि कोट परत मागितला.

११ फेब्रुवारी
इस्त्रीवाल्या मावशी आल्या. आल्या त्या रडतच. म्हणाल्या की त्यांनी डॉक्टरांचं नाव वाचलं, कोटवाला फोटो आठवला आणि पंखा दाबला. सुनेनेही तेच केलं. वरच्या आजोबांनीही. डॉक्टरांना मी कोणत्या तोंडाने भेटू, म्हणाल्या.
मी म्हटलं, दोन-चार लोकांची गफलत होतेच.
ही भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, मग डॉक्टरांची निशाणी कोणती होती? बादली, मावशी म्हणाल्या. हिने पायावरचं पांघरूण नीट केलं.

२० फेब्रुवारी
दवाखान्याला कुलूप. बाक, वजनकाटा, औषधांचं कपाट फुटपाथवर. ठेकेदार समोर उभा होता. मी छपराचा विषय काढला. त्याने मेहुण्याला विचारलं, हा कोण?

२४ फेब्रुवारी
डॉक्टर घरी आले. आता भावाकडे राहायला जातायत. जाण्याआधी मला ड्रेसिंग शिकवलं. आधी हात धुवायचे, कापूस बाहेरून आत फिरवायचा नाही, पट्टी आवळायची नाही. जखमेत सोल्डरिंगच्या जळक्या तारेसारखा काळा रंग दिसला. मला विचारलं, मध्ये किती ड्रेसिंग चुकली? मी म्हटलं, एखाद-दोन. त्यांनी हिच्याकडे बघितलं आणि पुढे विचारलं नाही. निवडणुकीबद्दल एक अक्षर नाही. एकदा तरी बोलायला हवं होतं त्यांनी.
ते गेल्यावर ही म्हणाली, तुम्हाला माझं मत हवं होतं ना? मिळालं तुम्हाला. नावावर बोट फिरवत गेले, पहिलं जुळलं तिथलं बटण दाबलं. मला वाटलं, डॉक्टर.
रडली नाही. पाणी मागितलं. मी आणून दिलं.

२ मार्च
मोठ्या हॉस्पिटलात आणलंय. अंगठा काढावा लागेल म्हणतात, उशीर केला तर पाऊलही. वऱ्हांडाभर माणसं. ही व्हीलचेअरवर, पाय फडक्यात.
खिडकीपाशी कारकुनाने माझं नाव लिहून घेतलं आणि एकदम उठून उभा राहिला. विचारलं, दवाखान्याचे डॉक्टर का तुम्ही? त्याच्या आईला त्यांनीच बरं केलं होतं. म्हणाला, तुमचा पेशंट असेल तर लगेच आत घेतो.
हिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.
म्हणालो, नाही, ते वेगळे. मी पंखे दुरुस्त करतो.
तो खाली बसला. म्हणाला, मग थांबावं लागेल. रांग तिकडून आहे.