दौंडपर्यंत पायी, पाठीवर चार किलो

१ जानेवारी, गुरुवार

यंदा संकल्प एकच. त्यामुळे मोडण्याची शक्यताही एकच, म्हणजे जवळजवळ नाहीच.

आठवडाभर मोबाईलवर एका परदेशी गृहस्थाचे व्हिडिओ बघतोय. वय माझ्याएवढंच. पोट थोडं कमी. पाठीवर चार किलोची सॅक, त्यातच तंबू, अंथरूण, स्वयंपाकघर. डोंगरामागून डोंगर पालथे घालतो. त्याचं म्हणणं, माणूस चालण्यानं थकत नाही, सामानानं थकतो. मला हे आतून माहीत होतंच. कंपनीच्या स्टोअरमध्ये उभा जन्म गेला. सामान म्हणजे काय ते मला विचारा.

सकाळी दौंडहून व्याह्यांचा फोन. पोपटराव रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले, पण अजूनही शिट्टी मारल्यासारखं बोलतात. नातवाचं बोरन्हाण याच महिन्यात. बसनं पुण्याला जा, तिथनं डेमू धरा, म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, मी चालत येणार. कारेगाव ते दौंड.  पोपटराव म्हणाले, "व्याही, तुम्ही कोपऱ्यावरनं दूध आणायला ॲक्टिव्हा काढता." मग तारीख सांगितली, तेवीस, शुक्रवार, दुपारी चार.

आता माघार नाही. चालत जायचं आणि चारच्या आत पोचायचं. पोपटरावांच्या दारात असं उभं राहायचं की सहज फिरायला निघालो होतो.

५ जानेवारी, सोमवार

सॅकचं वजन केलं. कंपनीच्या काट्यावर, लंच टाइममध्ये. नऊ किलो. धक्का बसला, पण धक्क्याला वजन नसतं.

कपात सुरू. दाढीचं सामान बाहेर. कंगवा अर्धा कापला (केसही अर्धेच आहेत). पट्टा बाहेर, त्याऐवजी नाडी. फोर्कलिफ्टवाले चांदभाई काट्याजवळ उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाऊ, सॅकमधनं पाव किलो काढताय, आन् पोटावरचं पंधरा किलो घरीच ठेवून जाणार व्हय?" बेस वेट म्हणजे पाठीवरच्या सामानाचं वजन, पोट त्यात नाही. शास्त्रात ते धरत नाहीत. चांदभाईंना सांगून उपयोग नाही.

११ जानेवारी, रविवार

तंबू तयार. बाजारातले तंबू महाग आणि जड. आमच्याकडं शेताशेतात मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद, पडलेला असतो, एका बाजूनं चंदेरी, दुसरीकडून काळा. वजन नगण्य. परदेशी गृहस्थाला ही वस्तू माहीतच नसणार. अंथरूण म्हणून स्टोअरमधला बबल रॅप, दोन पदरी.

दुपारी गच्चीवर ट्रायल. कूस बदलली की खालून फटफट आवाज. शेजारच्यांनी वर येऊन विचारलं, लग्न कुणाकडं आहे. शिवाय आत उकडून घामाघूम झालो. सुलक्षणा चहा घेऊन आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "कलिंगडाला घालत्यात हो हे, लवकर पिकायला." तिला म्हटलं, थंडीत ऊब हवीच असते. ती म्हणाली, मग दाबून बघू का, पिकलात का ते.

बायको विनोदी असली की मोठी कामं अवघड होतात.

१२ जानेवारी, सोमवार

सराव. रांजणगावपर्यंत चालत गेलो. परत येताना ओळखीच्या एकानं स्कूटर थांबवली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बूट दोन्ही वेळा पायात होतेच, म्हणजे सराव जाऊन-येऊन धरायला हरकत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं. रूटसकट. मंगळवारी वीस तारखेला कारेगावहून प्रस्थान, मग न्हावरे, पारगाव, भीमेवरचा पूल, कानगाव, दौंड. पासष्टेक किलोमीटर, चार दिवस. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. म्हणजे रोज दुपारनंतर मोकळाच. पुस्तक न्यावं का? नको, वजन.

प्रतिसाद प्रचंड. न्हावऱ्याची झुंबरआत्या, पारगावचे साडू, सगळ्यांचे व्हॉइस मेसेज. जेवायलाच या, दुसरं काही ऐकणार नाही. लगेच स्टोव्ह आणि पातेलं सॅकमधून काढलं. वजन चार किलो! नातेवाईक हे सर्वात हलकं सामान आहे. हे वाक्य चांगलं जमलं.

१९ जानेवारी, सोमवार

उद्या निघणार. सुलक्षणा मागून बसनं येईल. संध्याकाळी ती आणि आमची लेक सायली फोनवर बराच वेळ हसत होत्या. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, कालनिर्णय बघतोय. पंचांगात हसण्यासारखं काय असतं?

सायलीनं मला फोन मागितला. म्हणाली, "आप्पा, बाळ आता भिंत धरून उभं राहतंय. तुम्ही नक्की यायचं हं." म्हटलं, शुक्रवारी चारला दारात. ती पुन्हा हसली. आनंदानं असणार.

२० जानेवारी, मंगळवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

अप्रतिम दिवस. चार किलो म्हणजे काहीच नाही. पहिला तासभर तर वाटलं सॅक घरीच राहिली. मग नाडी सैल पडायला लागली. एका हातानं पँट धरून चाललो. दुसरा हात नमस्काराला मोकळा ठेवला, कारण रस्त्यानं सगळे विचारतात, "काय पाव्हणं, गाडी पंक्चर झाली का?"

न्हावऱ्याला आत्याकडं बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, वर ताक. जेवल्यावर मळ्यात तंबू लावायला निघालो तर झुंबरआत्या दारातच आडवी बसली. "म्हाळू, माझं घर पडलंय का रं? भाचा पालात झोपला म्हंजी गाव म्हणंल, म्हातारीनं भाकरी घातली न्हाई." तंबू लावणं तांत्रिकदृष्ट्या शक्य होतं, पण आत्या ओलांडणं शक्य नव्हतं. आता गादीवर आहे. उद्यापासून कडक शिस्त.

२१ जानेवारी, बुधवार, पारगाव

सकाळी आत्यानं पिशवी पुढं केली. बोरं. मग हरभऱ्याचे डहाळे. मग शेंगा. मग उसाची मोळी. "बोरन्हाण हाय, आन् लेकीच्या दारात मोकळ्या हातानं जातोस? तिच्या सासूनं काय तोंड बघावं तुझं?" मी लाइटवेट या विषयावर थोडक्यात बोललो. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि भोपळा आणला.

तत्त्व तपासलं. बेस वेट म्हणजे स्वतःचं सामान. हे सामान माझं नाही, सायलीचं आहे. म्हणजे माझं वजन अजून चार किलोच. ऊस खांद्यावर, भोपळा पोटाशी. पँट धरायला हात उरला नाही, म्हणून आत्याकडून सुतळी घेतली.

संध्याकाळी पारगावला साडूंच्या गुऱ्हाळावर. साडू सत्यजीत यांनी मिठी मारली आणि गुळाची ढेप समोर ठेवली. नको म्हटल्यावर त्यांचं तोंड पडलं. "आत्याचा भोपळा चालतो, आन् साडूचा गूळ जड होतो व्हय?" ढेप उचलली.

इथंही घरातच झोप.

२२ जानेवारी, गुरुवार, दुपार, कालव्याकाठी बाभळीखाली

निघताना मेहुणी शितलनं कोंबडा दिला. गावरान, लाल, व्याह्यांसाठी. म्हणाली, "दाजी, ह्याला उचलायचं न्हाई, चालत नेला की झालं. वजन शून्य." पहिल्यांदा नातेवाइकांपैकी कुणीतरी माझी पद्धत समजून घेतली. गहिवरलो.

कोंबडा चालत नाही. दोरी ओढली की बसतो. सोडली की पारगावकडं पळतो. शेवटी सॅकमध्ये घातला, मुंडकं बाहेर. त्याला जागा व्हावी म्हणून बबल रॅप काढून वाटेवरच्या एका गोठ्यात देऊन टाकला. आता तो कानात ओरडतो. पूल ओलांडताना एक बाई म्हणाली, "बाजार आज न्हाई वो, शनिवारी." कोंबडा विकायला निघालोय असं वाटलं असावं.

टाचेला फोड. दुसऱ्या टाचेलाही, म्हणजे तोल बिघडलेला नाही. तंबू अखेर लावला. कोंबड्याला सावली हवी होती.

अंतर मोजलं. पारगावपासून फार झालेलं नाही. दौंड अजून बरंच आहे. पण रात्री गार हवेत चालून भरून काढता येईल.

२३ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

रात्री चाललो नाही. कोंबडा झोपला होता, उठवणं योग्य वाटलं नाही.

आता हिशोब सरळ आहे आणि म्हणूनच वाईट आहे. चालत राहिलो तर उद्या दुपारी पोचेन. बोरन्हाण आज चारला आहे. नातवाच्या डोक्यावरनं बोरं पडायची, पोरांनी ती वेचायची, आणि ही बोरं इथं कालव्याकाठी माझ्यासमोर पडलीयत. सायलीला शब्द दिलाय. पोपटरावांनाही दिलाय, पण तो वेगळ्या प्रकारचा.

चांदभाईंचा फोन. त्यांचा भाचा अनिस रिकामी पिकअप घेऊन दौंडला चाललाय, पाटसच्या बाजूनं येईल, कुठं आहात? मी म्हटलं, मजेत आहे. ते म्हणाले, "भाऊ, मजा ऱ्हाऊ द्या. कुठं हाय ते सांगा."

 परदेशी गृहस्थाला नातू असेल का? व्हिडिओत कधी दिसला नाही.

पत्ता सांगितला.

त्याच दिवशी, संध्याकाळ, दौंड

अनिसला बजावलं होतं, रेल्वे कॉलनीच्या अलीकडं सोड, शेवटचा टप्पा चालणार. पोरगा गुणी आहे. तोच घोटाळा झाला. "मामा, एवढं वझं घिऊन तुम्हाला रस्त्यात उतरवू? मामूजान मला घरात घेनार न्हाईत." थेट पोपटरावांच्या दारात गाडी लावली आणि हॉर्न दिला. लांब हॉर्न.

पोपटराव बाहेर आले. पिकअप बघितली. हौद्यात मी, ढेपेवर बसलेलो, मांडीवर भोपळा. कोंबडा आरवला.

साडेतीन वाजले होते. म्हटलं, वेळेत आलो ना? बोरन्हाणाची तयारी कुठंय?

घरात काही हालचाल नव्हती. सायली केस धुऊन बसली होती. पोपटराव खुर्ची ओढून मला बसवत म्हणाले, "व्याही, बोरन्हाण रविवारी हाय. रथसप्तमीला." आधीपासून रविवारीच होतं. मला मुद्दाम शुक्रवार सांगितला होता. सुलक्षणाला माहीत, सायलीला माहीत, चांदभाईंना सोडून सगळ्यांना माहीत.

मी म्हटलं, म्हणजे मी पोचणार नाही असं तुम्ही धरलंच होतं.

"उलटं हो," पोपटराव म्हणाले. "तुम्ही म्हणालात चालत येणार. म्हंजी येणारच. पर वाटंत पाव्हणं किती, मला काय ठाव न्हाई? म्हणून दोन दिस जादा धरलं. अख्ख्या कॉलनीला सांगून ठिवलंय, आमचं व्याही पायी येत्यात. आज सकाळी कानगावच्या वाटेनं लांबपर्यंत जाऊन बघून आलो."

ते खरंच बघून आले होते. चपलांना अजून माती होती.

 कोंबडा पुढं केला.

२४ जानेवारी, शनिवार

पाय गरम पाण्यात. कॉलनीतले लोक एकेक करून भेटायला येतात, "तुम्हीच का ते पायी येणारे?" पोपटराव माझ्याकडं न बघता म्हणतात, "व्हय, हेच." पिकअपचं नाव काढत नाहीत. त्यांनी टोमणा मारला असता तर मी चांगला झोपलो असतो.

एक मार्ग आहे. पहाटे अनिसच्या गाडीनं त्या बाभळीपर्यंत परत जायचं आणि तिथून चालत यायचं. म्हणजे अंतर पूर्ण. तत्त्वतः काहीच बिघडत नाही. गजर लावतो.

२५ जानेवारी, रथसप्तमी

गजर वाजला असावा.

सुलक्षणा सकाळच्या बसनं आली. माझ्या टाचा बघितल्या, हळद लावली. मग बाहेर जाऊन सायलीबरोबर पोट धरधरून हसली.

चारला बोरन्हाण. नातू पाटावर, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट. आत्याची बोरं, शेंगा, उसाचे करवे, साडूंच्या गुळाचे बारके खडे, सगळं त्याच्या डोक्यावरनं पडलं. पोरांची झुंबड. एक बोर वेचलं गेलं नाही, ते घरंगळत दाराकडं गेलं. नातवानं ते बघितलं. पाटाला धरून उठला. पाट सोडला. आणि चालायला लागला. कुणाचं बोट न धरता, डुलत, मुकुट एका कानावर, थेट दारापर्यंत.

घरात असा कल्ला झाला की कोंबडा उडून खिडकीवर बसला. सायली रडायला लागली. सुलक्षणा रडायला लागली. पोपटरावांनी अखेर तो टोमणा मारला, दोन दिवस दाबून ठेवलेला, भर लोकांत, माझ्या पाठीवर थाप मारून. "बघा व्याही, पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत चालला. मधी कुठं पिकअप न्हाई!"

सगळे हसले. मीही हसलो. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.

पण त्याच्याकडं सामान नव्हतं, हे कुणी लक्षात घेत नाही.