दारातली पोती

प्रिय जाऊबाई,

दर आठवड्याला मी तुला ‘मा. तपासणी अधिकारी यांस’ असं पत्र पाठवते, वर संदर्भ क्रमांक टाकते, आणि तूही तसंच उत्तर देतेस. आज संदर्भ क्रमांक नाही. म्हणून हमालांनी आपल्याला ठेवलेलं नाव वापरते आहे, रागावू नकोस. सीमेच्या अलीकडे मी, पलीकडे तू, आणि दोघी बसलोय एकमेकींच्या कागदांत खोड काढत. तेव्हा त्यांच्या लेखी आपण जावाच. ‘धाकटीने आज थोरलीचा दाखला परत धाडला’ ही बातमी आमच्या आवारात चहाच्या आधी फिरते.

मी मजेत आहे असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं झालं असतं. गेल्या मंगळवारपासून तुमच्याकडून आलेले मसुरीचे अकरा ट्रक आमच्या आवारात उभे आहेत आणि ते मी अडवले आहेत. तुम्हाला फक्त ‘तपासणी चालू’ असं कळवलं गेलं. खरं म्हणजे तपासणी शुक्रवारीच संपली. प्रयोगशाळेने लिहून दिलं आहे की माझ्या नमुन्यात ती कीड आहे. आपल्या दोन्ही देशांच्या करारात पहिल्या पानावर छापलेली, केसाळ अळीची. तिच्यामुळे काय होतं हे तुला मी सांगायला नको. माझा अहवाल वाणिज्य खात्यात पोचला की तुमच्या देशाची मसूर इथे सहा महिने बंद. आणि तो माल कीडमुक्त आहे या दाखल्यावर सही तुझी आहे.

परवापासून मला संयुक्त बैठकीचा तो पहिला दिवस सारखा आठवतो. माझी नोकरी लागून दोन महिने झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची चौथी ओलांडली नव्हती, आणि मी एकदम दोन देशांच्या झेंड्यांमध्ये खुर्चीवर. समोरचा माइक चालू करायचा असतो हेही ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं मी बोलले आणि कोणालाच ऐकू आलं नाही. तू टेबलाला वळसा घालून आलीस, बटण दाबलंस आणि कानाशी म्हणालीस, ‘घाबरू नकोस गं, इथे सगळेच घाबरलेत. टाय लावलेल्यांचं दिसत नाही एवढंच.’ मला इतकं हसू आलं की बोलणं नीट जमलं. जेवणाच्या सुट्टीत तू तुझ्या दोन भाच्यांचे फोटो दाखवलेस. बहिणीच्या मागे त्यांना तूच वाढवते आहेस, हे इतक्या सहज सांगितलंस की मी उठून तुला पाण्याचा ग्लास भरून दिला.

आता मंगळवारचं सांगते. मला कोणी शहाणी समजू नये म्हणून जसं घडलं तसंच सांगते. पहिल्या ट्रकच्या मागच्या दाराचा अडसर वाकून बसला होता. चार जणांनी जोर लावला, हातोडा मारला, दार हलेना. आठ पोत्यांतून नमुना काढायचा हा नियम, आणि दुपारपर्यंत अकरा ट्रक उरकायचे होते. मी म्हटलं, बाजूची फळी उतरवा आणि मधली पोती द्या, मला कुठलीही चालतील. तेव्हा टोळीचे मुकादम घाईने पुढे आले. ‘थांबा मॅडम, ती नको, दार उघडतोच की आम्ही.’ मुकादम म्हणजे माझे बाबा. आवारात ते मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना मुकादम. घरी गेलो की आई दोघांची नक्कल करते. पण त्या दिवशी त्यांनी मॅडम म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पोकळ सळई मधल्या पोत्यात खुपसली. पांढऱ्या ताटलीत दाणे ओतले. दाण्यांमध्ये राखेसारखा भुगा होता, टाकलेल्या कातींचे तुकडे होते, आणि ते बाजूला केल्यावर एक अळी वळवळली. आठही पोत्यांत तेच. मग दार उघडलं. दारातल्या पोत्यांतली मसूर इतकी स्वच्छ की तशीच शिजायला टाकावी.

मला आश्चर्य वाटलं असतं तर बरं झालं असतं. जाऊबाई, मला हे माहीत होतं. मी सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. मी बाबांचा डबा घेऊन आवारात जायची तेव्हा हमाल ट्रकच्या दारातल्या पोत्यांना ‘पाहुण्यांची कपबशी’ म्हणायचे. घरात फुटके पेले असले तरी पाहुण्यांपुढे धड कपबशी काढतात ना, तशी तपासनिसापुढे काढायची पोती. ती दारात लावूनच ट्रक निघतो, तपासनीस तीच घेतो, हमालांना अर्धा ट्रक उगाच उपसावा लागत नाही, ड्रायव्हर वेळेत परततो. सगळ्यांचं भलं. मीही तेव्हा खळखळून हसायची. पुढे त्याच आवारात मी तपासनीस म्हणून आले, आणि पहिल्याच दिवशी बाबांच्या माणसांनी माझ्यापुढे दारातली आठ पोती मांडली. मला कपबशी आठवली. मी त्यांतूनच नमुना काढला. साठीला आलेल्या बापाला अर्धा ट्रक उतरवायला सांगायचं मला जमलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं मी तशीच सही करते आहे. तुझे दाखले मी आकड्यांच्या चुकांवरून परत पाठवले. पोती चारशे बारा की चारशे एकवीस, यावरून तुला तीन पत्रं लिहिली. आणि पोत्यात काय आहे ते एकदाही नीट पाहिलं नाही. सचोटीची म्हणून माझं नाव झालं ते या असल्या सह्यांवर.

साहेबांनी शुक्रवारी मला आत बोलावलं. दार लावलं नाही, चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर. पुढच्या महिन्यात दोन्ही देशांची शिष्टमंडळं बसणार, मसुरीवरची जकात पूर्ण उठणार, आमच्याकडून तुमच्याकडे जाणाऱ्या कागदाला आणि औषधांना सवलत मिळणार, वर्षभराची घासाघीस आत्ता कुठे रंगात आली आहे. आम्ही मसूर बंद केली तर तुम्ही कागद बंद करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मग म्हणाले, ‘नमुना पुन्हा काढता येतो. दार आता उघडतंय म्हणे.’ मी विचारलं, हा आदेश समजू का? त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. ‘अहो, मी कुठे काय बोललो?’ बिस्कीट तुटून कपात पडलं, ते चमच्याने काढत बसले, मी बाहेर येईपर्यंत.

बाबांचं मात्र स्पष्ट. त्यांच्या टोळीत चाळीस माणसं आहेत आणि त्यांच्या कामातलं निम्मं काम तुमची मसूर या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये चढवण्याचं. शनिवारी जेवताना ते म्हणाले, ‘अळी काय आज आली? आमच्या आजोबांच्या काळापासून धान्यात किडे आहेत. माणसं पाखडून खातात.’ मी समजावलं की ही कीड इथे नाही, एकदा गोदामांत शिरली की बाहेर निघत नाही, इथल्या शेतकऱ्याचं साठवलेलं धान्य भुगा होईल. ते म्हणाले, ‘तुला वाचायला शिकवलं. चाळीस चुली विझवायला नव्हतं शिकवलं.’ आई म्हणाली, तिला घास तरी गिळू द्या.

काल दुपारी मी अहवाल लिहिला. तीन पानं. पहिल्यावर कीड, दुसऱ्यावर मी. दोन वर्षांत मी पास केलेल्या सगळ्या मालाचा नमुना दारातल्या पोत्यांतून घेतला होता आणि तशी पोती लावली जातात हे मला ठाऊक होतं, असं त्यात आहे. कसं ठाऊक, हेही लिहावं लागलं. त्या जागी बाबांचं नाव आहे, आणि ते माझे वडील आहेत हेही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यामागे लिहायची लाज वाटली. समोर बसवून तिन्ही पानं वाचून दाखवली. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, ‘माझं नाव नीट घातलंयस ना? ओळखपत्रावर चुकवलंय त्यांनी.’ ते टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. मी बोट ठेवून नाव दाखवलं. त्यांनी त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चप्पल घालून बाहेर गेले.

तुला या प्रकाराची कल्पना होती का, हे मी विचारणार नाही. दोन वर्षं मला होती, तेव्हा तो प्रश्न माझ्या तोंडी शोभत नाही. पण एका कलमाची तुला आठवण करून देते, करारातल्या एकोणिसाव्या. माल घेणाऱ्या देशाचा अहवाल दाखल होण्याआधी माल पाठवणाऱ्याने स्वतःहून दोष कळवला, तर सगळा व्यापार थांबत नाही. फक्त माल जिथून निघाला ते एक गोदाम बंद होतं, तिथला माल परत जातो, बाकीची गोदामं तपासून पुन्हा चालू करतात. अहवाल देण्यासाठी मला निकालापासून पाच कामाचे दिवस आहेत. आज सोमवार. मुदत या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपते आणि मी ती शेवटच्या मिनिटापर्यंत वापरणार आहे. तेवढा माझा हक्क आहे, मी नियम तीनदा वाचलाय. हे पत्र लिहिण्याचा मात्र हक्क नाही. अहवाल दाखल होण्याआधी तपासणीची माहिती पलीकडे देणं हा गुन्हा आहे, त्याने माझी नोकरी जाऊ शकते. फोन केला असता तर कोणाला कळलंही नसतं, पण मला चोरून करायचं नाही. या पत्राची नक्कल अहवालाला जोडणार आहे, चौथं पान म्हणून. त्यामुळे ‘स्वतःहून’ हा शब्द आपल्या बाबतीत कोणी मान्य करेल की नाही, देव जाणे. तरी तू उद्याच त्या गोदामात जा. दारातलं काही पाहू नकोस, थप्पी उतरवायला लाव, मधल्या थरात सळई घाल आणि जे दिसेल ते तुझ्या हाताने लिहून वर पाठव. मी कळवलं म्हणून गेलीस हेही लिही. तुझ्या सहीवर डाग लागेल, तो मी पुसू शकत नाही. पण तो तू स्वतः दाखवलेला असेल. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत मी तुझ्या कागदाची वाट पाहीन. पाचला, तो आलेला असो वा नसो, मी माझा पाठवीन.

नोकरी राहो न राहो, तुझीच,
धाकटी