खांबाच्या पोटातलं केंद्र

प्रिय मास्तरीणबाई,

पोरांना वर्तुळाचं समीकरण कळत नाही, तुला शिकवताच येत नाही, म्हणून तू नोकरी सोडतेयस. तुझं पत्र आईने दोनदा वाचलं, मी चारदा. आधी माझी गंमत ऐक, मग काय ते ठरव.

वाचनालयात खांबाभोवती गोल टेबल करायचंय. त्रिज्या पाच फूट. मोकळ्या जमिनीवर खिळा ठोकून दोरी फिरवली की झालं. इथे केंद्र खांबाच्या पोटात. तीस वर्षांची सुतारकी डोक्याला हात लावून बसली. मग तुझी अकरावीची वही काढली.

कोपरा शून्य धरला. खांबाचा मध्य एका भिंतीपासून नऊ फूट, दुसरीपासून सात. वहीप्रमाणे मांडलं: एक्समधून नऊ वजा, त्याचा वर्ग, वायमधून सात वजा, त्याचा वर्ग, बेरीज पंचवीस. वजा दिसलं आणि मी कोपऱ्यापासून उलटा मोजत सुटलो. केंद्र भिंतीपलीकडे, थेट रस्त्यात! रंगारी शिडीवरून ओरडला, “मिस्त्री, लोकांनी काय गाड्यांखाली बसून वाचायचं?”

तेव्हा तुझं बोलणं कानात आलं. “बाबा, वजा म्हणजे मागे जाणं नाही. केंद्रापासून आपण किती लांब, एवढंच ते विचारतंय.” मग केंद्रापासून इकडे तीन फूट, तिकडे चार, म्हणजे भिंतींपासून बारा नि अकरा. नऊ नि सोळा, पंचवीस! तीन-चारची अदलाबदल करून आणि चार बाजूंना सरळ पाच धरून बारा खुणा पडल्या, सगळ्या पुऱ्या फुटांत. खिळे ठोकले, लवचीक पट्टी वाकवून टेकवली. एक खिळा सुटला नाही. केंद्र कुणाला दिसत नव्हतं, तरी बाराही जण त्यालाच धरून. माझे हात आपोआप जुळले. रंगारी खाली उतरून दोनदा फेरी मारून आला. चूक सापडली नाही म्हणून चहा त्यानेच पाजला.

आता खरं सांगतो. त्या वर्षी रोज संध्याकाळी तू मला शिकवायचीस, “कळलं का बाबा?” विचारायचीस, आणि मी मान डोलवायचो. काडीचं कळत नव्हतं गं. आठवीत शाळा सुटलेली, लेकीसमोर लाज वाटायची. माझ्या त्या खोट्या मानेवर विसंबून तू शिक्षिका झालीस, हे इतकी वर्षं मनाला खात होतं. परवा ते खोटं फिटलं. तुझं शिकवणं माझ्यापर्यंत पोचायला सात वर्षं लागली. तुझ्या पोरांना अजून सात आठवडेही झाले नाहीत. राजीनामा फाड आणि वर्गावर जा.

तुझाच, उशिरा पास झालेला पहिला विद्यार्थी,
बाबा